भिंतीला कान, स्पीकरला पाय

भिंतीला कान असतात, हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवलं आहे. स्पीकरला पाय असावे लागतात, हे मात्र त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. त्यामुळे ते ज्ञान मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या कमरेच्या जिवावर आणि सौभाग्यवतींच्या एका हवाई चपलेचा बळी देऊन मिळवावं लागलं.

त्याचं असं झालं. २०१८ च्या दिवाळीत आमचे चिरंजीव पुण्याहून वर्ध्याला आले ते दोन भलीमोठी खोकी घेऊन. सौ.ला वाटलं, पोराला आईची दया आली आणि त्याने कपडे धुण्याचं यंत्र आणलं. खोक्यांतून निघाले दोन स्पीकर. एकेकाचं वजन बारा किलो! "बाबा, आता तुमच्या जुन्या रेकॉर्डी खऱ्या अर्थाने ऐका," चिरंजीव म्हणाले. म्हणजे इतकी वर्षं मी त्या खोट्या अर्थाने ऐकत होतो. परत जाताना स्टेशनवर गाडी हलल्यावर त्याने खिडकीतून ओरडून सांगितलं, "बाबा, स्टँड मात्र घ्या! स्टँडशिवाय हे स्पीकर म्हणजे–" एवढ्यात गाडी सुटली आणि उपमा मुंबईच्या दिशेने निघून गेली. स्टँडशिवाय ते स्पीकर म्हणजे काय, हे मला पुढचे तीन महिने स्वतःच शोधून काढावं लागलं.

तसा आमचा जिल्हा आवाजासाठी प्रसिद्ध नाही. १९३६ साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, ते सोमवारी मौन पाळत. पवनारला विनोबा. मोठ्या आवाजाचं आम्हाला वावडं नाही. गांधीजींच्या सभांचे जुने फोटो पाहा, पुढ्यातल्या मायक्रोफोनवर 'शिकागो रेडिओ' अशी अक्षरं दिसतात. पण त्या सभेतला कर्णा कशावर ठेवलाय, त्याखाली रबर आहे की लोखंड, या चिंतेत पडलेला एकही कार्यकर्ता मला अजून कुठल्या फोटोत दिसलेला नाही. देशापुढे तेव्हा दुसरे प्रश्न होते. माझ्यापुढे निवृत्तीनंतर दुसरा प्रश्नच नव्हता.

आता घराची थोडी माहिती द्यायला हवी, कारण या गोष्टीत भिंत हे एक महत्त्वाचं पात्र आहे. घर वडिलांनी १९५८ साली बांधलं. १९९६ साली आम्हा दोघा भावांत वाटणी झाली. मधल्या लांबलचक दिवाणखान्यात साडेचार इंची विटांची भिंत उभी राहिली. पलीकडे दादा-वहिनी, अलीकडे आम्ही. भांडण कशावरून झालं ते आता नीट आठवत नाही, आणि जेवढं आठवतं तेवढं सांगण्यासारखं नाही. विहिरीवरच्या मोटरचं बिल हे सांगायचं कारण. पण खरी ठिणगी पडली ती रेकॉर्ड प्लेअरवरून. तो दादाने १९७४ साली नोकरी लागल्यावर पहिल्या काही पगारांतून घेतला होता. दादा हिंगणघाटला कापड गिरणीत, आठवडाभर मागांच्या खडखडाटात. शनिवारी वर्ध्याला येताना हातात एखादी नवी रेकॉर्ड. रात्री भीमसेन, हिराबाई. आणि दादा समोर मांडी घालून स्वतःचा तबला घेऊन त्यांना साथ करायचा. हिराबाईंना त्याची कल्पना नव्हती. मी तेव्हा शाळेत होतो, माझं काम पंख्याने वारा घालायचं.

वाटणीच्या वेळी आम्ही दोघंही हट्टाला पेटलेलो. शेवटी मामांनी निवाडा दिला: तबला-डग्गा दादाला, प्लेअर आणि रेकॉर्डी मला. मामा जन्मभर कोर्टात कारकून होते. दोन्ही पक्ष सारखेच दुःखी झाले म्हणजे न्याय झाला, असं ते समजत. त्या दिवसापासून दादाशी माझं बोलणं पाणी आणि लाइट या दोन विषयांपुरतं उरलं.

तर, चिरंजीवांचे स्पीकर मी ठेवले त्या मधल्या भिंतीवरच्या लाकडी फळीवर. फळी लोखंडी ब्रॅकेटवर पक्की बसवलेली. पूर्वी तिथे रेडिओ असायचा, शेजारी प्लेअर. जागा तयार, वायर जवळ, खर्च शून्य. भीमसेनांची रेकॉर्ड लावली, आवाज वाढवला आणि घरात एकदम 'गूंऽऽऽ' असा आवाज सुरू झाला. गाण्यातला नव्हे. गाणं त्याच्याखाली बुडालं. कपाटातल्या कपबशा एकमेकींना काहीतरी सांगू लागल्या. काचेतला ताजमहाल फळीवरून चालत काठापर्यंत आला. सौ. स्वयंपाकघरातून धावत आली आणि म्हणाली, "भूकंप आहे का भीमसेन?"

आणि तेवढ्यात भिंतीच्या पलीकडून आवाज आला: थप्. थोड्या वेळाने पुन्हा थप्.

"बघा," सौ. म्हणाली, "भाऊजींना त्रास होतोय."

मी आवाज कमी केला. 'गूं' थांबलं, पण थप् थांबलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बरं, हे थपथपणं अगदी मोजून मापून. संतापलेला माणूस इतक्या शिस्तीत भिंत बडवतो हे पाहून मला दादाच्या स्वभावाचं नवल वाटलं. आयुष्यभर गिरणीत काम केलं, रागसुद्धा पाळीवर येतो!

मी आमच्या ओळखीच्या फिजिक्सच्या सरांकडे गेलो. सर कॉलेजातून निवृत्त झालेले. गेल्या दोन वर्षांत त्यांना कोणी प्रश्न विचारला नव्हता. त्यांनी मला पाट दिला, चहा दिला आणि १९२५ सालापासून सुरुवात केली. त्या साली राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन इंजिनिअरांनी आजच्या तऱ्हेचा स्पीकर जगापुढे मांडला: चुंबक, तारेचं वेटोळं आणि पुढेमागे हलणारा कागदी शंकू. "आता न्यूटनचा तिसरा नियम आठवा," सर म्हणाले. मी आठवल्यासारखा चेहरा केला. "शंकू हवेला पुढे ढकलतो, तेव्हा खोक्याला मागे रेटतो. खोकं फळीला हलवतं. फळी भिंतीत ठोकलेली, म्हणजे ती भिंतीला हलवते. म्हणजे तुमच्या घरात स्पीकर दोन नाहीत. फळी हा तिसरा, भिंत हा चौथा. आणि प्लेअर त्याच फळीवर! फळीची थरथर सुईत जाते, सुईतून ॲम्प्लिफायरमध्ये, तिथून मोठी होऊन स्पीकरमध्ये, पुन्हा फळीत. साप आपलीच शेपूट गिळतोय. तेच तुमचं 'गूं'."

"मग उपाय?"

"दोन पंथ आहेत," सर म्हणाले आणि त्यांनी दुसरा चहा मागवला.

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते शंकराचार्य आणि मध्वाचार्य यांच्या वादाइतकंच जुनं वाटलं. पहिला पंथ अद्वैतवाल्यांचा. त्यांचं म्हणणं, स्पीकर आणि धरती एकरूप करा. जड लोखंडी स्टँड घ्या, त्याला खाली अणकुचीदार टोकं लावा, ती जमिनीत रुतवा. खोकं हललंच नाही पाहिजे. दुसरा पंथ द्वैतवाल्यांचा. स्पीकर वेगळा, धरती वेगळी. मध्ये रबर, स्प्रिंग, काहीतरी मऊ घाला. त्याची थरथर त्याच्यापाशी. दोन्ही पंथांचे लोक एकमेकांना बहिरे समजतात.

"आणि खरं कोण?"

"खाली काय आहे त्यावर. खाली जमिनीवर बसलेली दगडी फरशी असेल, तर टोकं चांगली, स्टँड डुगडुगत नाही. खाली स्वतःच गाणारी लाकडी फळी असेल, तर रबर चांगलं. एक भ्रम मात्र ठेवू नका. काही लोक म्हणतात, टोकांमुळे थरथर खाली जाते आणि वर येत नाही. असा एकेरी रस्ता फिजिक्समध्ये नाही. वर गेलेलं परत खाली न येणं हे फक्त सरकारी अर्जाच्या बाबतीत खरं आहे."

मी प्रथम अद्वैत स्वीकारलं. वेल्डिंगवाल्याकडे जाऊन चौकोनी लोखंडी पाइपचे दोन स्टँड करून घेतले. घरी आणून बोटाने टिचकी मारली, तर देवळातल्या घंटेसारखा 'टण्ण्' आवाज. पोकळ पाइप! सरांना फोन केला. ते म्हणाले, रेती भरा. रेतीचे कण एकमेकांवर घासतात आणि कंप मरतो. मी स्टँड परत नेले. वेल्डिंगवाला बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला.

"रेती भरता? कायले जी?"

"गाणं चांगलं लागतं."

"असं व्हय," तो म्हणाला, आणि मग पोराला हाक मारून हलक्या आवाजात म्हणाला, "साहेबाकडून पैसे आधी घेऊन घे रे बावा."

चाळलेली, कोरडी रेती भरली. पुन्हा टिचकी मारली तर 'थुक्' एवढाच आवाज. हा चमत्कार मी आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवला. एरवी माझ्याकडे फारसं कोणी येत नाही. त्या आठवड्यात जे आले त्यांनी पुढे येणं कमी केलं.

पण खरी गंमत टोकांनी केली. वर्ध्याची काळी माती कापसाला उत्तम, घराला वैरीण. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते, आणि तिच्यावरची शहाबादी फरशी दर ऋतूत नवा उंचसखलपणा धारण करते. चार टोकांच्या स्टँडची तीन टोकं फरशीला लागली की चौथं हवेत. त्याच्याखाली रुपयाचं नाणं सरकवावं, तर दुसरं हवेत. एका स्टँडखाली मी अकरा रुपये गुंतवले. स्पीकर बेंबीच्या देठापासून मान डोलवत होता. शेवटी सौ. पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आपली तिवई कधी डुगडुगते का?" मी थक्क झालो. तीन टोकांना कुठलीही जमीन सपाटच असते! भूमितीतलं हे सत्य आमच्या घरात पोळपाटाच्या बाजूला चाळीस वर्षं उभं होतं. स्टँड पुन्हा वेल्डिंगवाल्याकडे. आता त्याने पैसे मागितलेच नाहीत; त्याला माझ्याबद्दल करुणा वाटू लागली होती.

तिवईचं तत्त्व लागू पडलं. स्पीकर फळीवरून उतरून खोलीत आले, भिंतीपासून तीन फूट दूर. 'गूं' गेलं, घोगरेपणा गेला, भीमसेनांचा आवाज नेमका दोन स्पीकरच्या मध्ये, जिथे आमचं इस्त्रीचं टेबल आहे, तिथून येऊ लागला. सौ.नेही ते मान्य केलं. "टेबल छान गातंय," ती म्हणाली. पलीकडचं थप् कमी झालं, पण अगदी गेलं नाही. अधूनमधून, जरा चाचपडल्यासारखं, एखादं यायचंच.

आता मात्र माझा अहंकार जागा झाला. त्याच्या घरात माझ्या गाण्याचा कणसुद्धा जाता कामा नये. बावीस वर्षांत एकदा तक्रार केलीय, पुन्हा संधी द्यायची नाही. मी द्वैतमतात प्रवेश केला.

इथे सरांनी मला एक हिशोब दिला, तो मी अजून पाठ म्हणू शकतो. मऊ वस्तूवर वजन ठेवलं की ती दबते. सेंटिमीटरभर दबली, तर वरची वस्तू स्वतःहून सेकंदाला सुमारे पाच वेळा हिंदकळते. मिलिमीटरभर दबली, तर सोळाच्या आसपास. या आकड्याच्या दीडपटीच्या वरचे कंप खाली कमी जातात. जितके वर, तितके कमी. पण नेमक्या त्या आकड्यावर कंप उलट वाढतो. म्हणजे टणक रबर घालून उपयोग नाही, ते दबलं पाहिजे. आणि फार मऊही नको, नाहीतर स्पीकर झोपाळ्यावर बसतो. घरातल्या माणसांनाही हेच लागू आहे, पण सर अविवाहित होते.

मी प्रयोग सुरू केले. प्रथम कापूस, हा तर जिल्ह्याचाच माल. उशीवर स्पीकर ठेवला, तो तासाभरात एका बाजूला कलून झोपला. मग चेंडू अर्धे कापून ठेवले. ते टणक निघाले. मग सायकलची ट्यूब, अर्धवट हवा भरून, वर फळीचा तुकडा. हे अप्रतिम! पण ट्यूबमधून हवा जाते. रात्री सारखी केलेली उंची सकाळी बसलेली. रोज संध्याकाळी गाणं ऐकायच्या आधी मी पंप घेऊन गुडघ्यावर बसायचो. शेजारची मुलं विचारायची, "आजोबा, स्पीकर पंक्चर झाला का?"

अखेर यश दिलं ते हवाई चपलेने. सौ.च्या जुन्या चपलेचे चौकोनी तुकडे, एकावर एक तीन, प्रत्येक स्पीकरच्या तीन कोपऱ्यांत. दबतात, पण झोपत नाहीत. ती चपल जुनी नव्हती, हे मला नंतर कळलं.

त्या संध्याकाळी मी भिंतीला कान लावून उभा राहिलो. इकडे हिराबाई गात होत्या. पलीकडून काही नाही. एक थप् नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. तीन महिन्यांच्या तपश्चर्येला फळ आलं होतं. मी चिरंजीवांना फोन करून सांगितलं, "संपूर्ण विलगीकरण!" सरांना गोरसपाक नेऊन दिला. माझ्या स्पीकरचा आता जगाशी काही संबंध उरला नव्हता.

आठव्या दिवशी दारात वहिनी. त्या आमच्याकडे येतात त्या संक्रांतीला आणि दसऱ्याला. हा मार्च महिना.

"भाऊजी, तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. का?"

"नाही, आठ दिवस झाले, गाणं लावलं नाही तुम्ही. हे सारखे विचारून राह्यलेत, त्याला काही झालं का."

"गाणं तर रोज लावतो, वहिनी!"

वहिनी बसल्या. पदराशी खेळत सांगू लागल्या. दादाला ऐकू येणं फार कमी झालंय. मागांपुढे गेलेली बत्तीस वर्षं. डॉक्टर म्हणाले, असल्या आवाजाने आधी बारीक, उंच सूर जातात. माणसं बोलताना दिसतात, शब्द कळत नाहीत. कानातलं यंत्र घेतलं होतं, ते शिट्ट्या मारतं म्हणून डबीत पडून आहे. टीव्ही नाही, फोन नाही, कोणी आलं तर उठून आत जातात. "पण तुमचे ते नवे स्पीकर आले ना दिवाळीत, तेव्हापासून संध्याकाळी सात वाजले की त्यांची खाट त्या भिंतीला लावून घेतात. डोकं भिंतीला टेकून पडायचं. गाणं नाही ऐकू येत. पण म्हणतात, डग्गा येतो. भिंतीतून थेट डोक्यात येतो म्हणतात. आणि मग सम आली की–" वहिनींनी तळहात माझ्या टेबलावर आपटला. थप्.

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही सुचत नव्हतं. तबल्याची चाट भिंतीत अडते, शब्द अडतात, हिराबाईंची अख्खी गायकी अडते. डग्ग्याची घुमक तेवढी विटांमधून पार होते. आणि ताल कळायला डग्गा पुरतो. तीनतालात खाली आली की डग्गा गप्प होतो, पुन्हा घुमला की समजायचं, सम जवळ आली. पन्नास वर्षं तबला वाजवलेल्या माणसाला एवढं बस. मी तीन महिने ती घुमक अडवायला रेती, लोखंड, कापूस आणि चपला खर्च केल्या होत्या. आणि फिजिक्स इतकं खरं असतं की ती अडलीही होती.

त्या संध्याकाळी मी आणि सौ.ने मिळून उजवा स्पीकर उचलला आणि पुन्हा मधल्या भिंतीवरच्या फळीवर ठेवला. रबर नाही, टोक नाही. लाकडावर लाकूड, भिंतीला पाठ. प्लेअर तेवढा दुसऱ्या टोकाला वेगळ्या टेबलावर नेला, नाहीतर साप पुन्हा शेपूट गिळायला बसला असता. चपलेचे तुकडे त्याच्या पायाखाली घातले. डावा स्पीकर स्टँडवरच राहिला. अर्धं द्वैत, अर्धं अद्वैत. भीमसेन आता इस्त्रीच्या टेबलावरून उठून फळीच्या बाजूला सरकले. चिरंजीव हे ऐकतील तर वडिलांचं नाव टाकतील.

सात वाजता रेकॉर्ड लावली. विलंबित. आम्ही दोघंही श्वास रोखून बसलो. पहिलं आवर्तन गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याच्या समेवर पलीकडून आलं: थप्.

कपबशा किणकिणल्या. सौ.ने त्या मुकाट्याने दुसऱ्या कपाटात नेऊन ठेवल्या.

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी पुन्हा दारात. हातात कागदाची चिठ्ठी. बावीस वर्षांतली दादाची मला पहिली चिठ्ठी. पाणी नाही, लाइट नाही. एवढंच लिहिलं होतं: 'मशीन मंद चालते आहे. रबराचा पट्टा सैल झाला असेल. लक्ष कुठे असतं तुझं?'

मला रागच आला. ज्याला दारावरची घंटा ऐकू येत नाही, तो भिंतीपलीकडून मला लय शिकवणार! मी रेकॉर्डवर कागदाचा कपटा ठेवला, घड्याळ समोर ठेवलं आणि फेरे मोजले. ३ मिनिटांत १०० फेरे व्हायला हवेत. झाले ९६. पुन्हा मोजले. पुन्हा ९६. चार महिने मी चिरंजीवांच्या त्या 'खऱ्या अर्थाच्या' स्पीकरवर, सुईखालपासून स्टँडपर्यंत सगळं तपासून, भीमसेन जोशींना मंद चालवत होतो, आणि माझ्या दोन शाबूत कानांना त्याचा पत्ता नव्हता.

दुपारी दादा स्वतः आला. आला तो थेट प्लेअरपाशी, घरात दुसरं कोणी आहे याची दखल न घेता. खिशातून त्याने एक पुडी काढली. आत रबराचा नवाकोरा पट्टा. प्लेअरबरोबर त्या वेळी एक जादा मिळाला होता. तो त्याच्या डग्ग्याच्या पिशवीत राहून गेला होता. वाटणीत मामांच्या नजरेतून निसटलेली तेवढी एकच वस्तू! दादाने तो दोन बोटांत धरून ताणला, आणि पंचेचाळीस वर्षांच्या त्या रबराचा त्याच्या हातात भुगा झाला.

आम्ही दोघंही त्या भुग्याकडे पाहत राहिलो.

"नागपूरला मिळतो का पाहू," मी म्हणालो.

त्याला ऐकू आलं नाही. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा मोठ्याने ओरडलो. तरी नाही. मग मी त्याचा हात धरून त्या फळीवर ठेवला, स्पीकरच्या अगदी शेजारी, आणि मंद तर मंद, रेकॉर्ड चालू केली.